मदत हवी आहे: जोंग्याचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन कमी पैशात शर्यतीसाठी बांधायचंय (ठाणे)

कोलशेतकर:

मंडळी, लांबलचक लिहितोय, पण मापं दिल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार?

लष्करी लिलावातून फिरत फिरत आलेल्या निस्सान वन टन ट्रकचं इंजिन घेतलंय. जोंगा या लष्करी जीपमध्ये असतं तेच. सरळ सहा, ३९५६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.७ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ११४.३ मिमी. माझ्या जोंग्याच्या मूळ ब्लॉकमधून कनेक्टिंग रॉड बाहेर आलेला आहे, त्यामुळे त्याची आशा सोडली. मुरबाडकडे मित्राच्या शेतावर पावसाळा ओसरला की आम्ही हौशी मंडळी शर्यत लावतो. चिखल, एक ओढा आणि शेवटी दगडगोट्यांचा चढ. हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ चारायची, बक्षीस वगैरे काही नाही.

इंजिनासाठी सव्वा लाख काढलेत. मजुरी, सुटे भाग, लेथकाम सगळं त्यातच. क्लच वेगळा.

खोलल्यावर पाच सिलिंडर बरे निघाले. झीज आहे, पण ०.५० ओव्हरसाइझमध्ये, म्हणजे व्यास अर्धा मिमी वाढवून, साफ होतील. चार नंबरमध्ये कधीतरी पाणी साचलं असावं, रिंगांच्या जागी गंजाचे खड्डे पडलेत. सगळ्यात खोल खड्डा साधारण ०.४ मिमी. ०.५० चा पिस्टनसेट रिंगांसकट हातात आहे. वागळे इस्टेटमधला बोरिंगवाला म्हणतो, "साहेब, सगळे एक एमएम करून टाका, कटकट नको." पण एक एमएमचे पिस्टन मिळत नाहीत, बनवून घ्यावे लागतील आणि अर्धं बजेट तिथेच जाईल.

काय करू? आणि ताकद वाढवायला वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), दोन कार्ब्युरेटर असं काही झेपेल का? की हे सोडून सरळ ट्रकचं डिझेल बसवू?

कळंबोली_एक्स्प्रेस:

भाऊ, पेट्रोलच्या नादाला लागू नका. टाटाच्या ट्रकचं ६९७ डिझेल घ्या. तेही सरळ सहा, ५६७५ सीसी. आमच्याकडे स्टील मार्केटच्या मागे कुणीही डोळे मिटून बांधून देईल. पार्ट गल्लीत मिळतात. कॉइल नाही, प्लग नाही, ओढ्यात बंद पडायची भीती नाही. कमिन्सचं ६बीटी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

नेरूळची_निशा:

दादा, ते सोनं तोलून बघितलंत का कधी? ६बीटी चारशे किलोच्या वर जातं, ६९७ सुद्धा काही फुलासारखं नाही. एवढं वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर टाकून चिखलात घातलं की गाडी नाक खुपसून बसते. मग स्प्रिंगा बदला, माउंट बदला, बेल हाउसिंगला अ‍ॅडॅप्टर बनवा, गिअर रेशो जुळवा. सव्वा लाखात इंजिन येईलही, पण गाडी उभी राहणार नाही. कोलशेतकर, जे जागेवर बसतं तेच बांधा.

आणि गाडी ट्रेलरवरच न्या. इंजिन बदललं की आरसी पुस्तकात नोंद लागते (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२). घोडबंदरला पोलिसाने चासी-इंजिन नंबर जुळवायला घेतला तर मिसळ तिथेच मिळेल.

खरादी_काका:

वागळेत बोरिंग मशीनवर उभं राहून जन्म गेला, म्हणून बोलतो. तुमचा बोरिंगवाला त्याची सोय बघतोय. एक एमएम ओव्हरसाइझ म्हणजे भिंतीतून अर्धा एमएम. तुमचा खड्डा ०.४ चा, तोही डोळ्यांनी आणि अंदाजाने मोजलेला. म्हणजे एक एमएमला साफ होईल की नाही याचीच खात्री नाही, आणि पाच चांगली सिलिंडर उगाच पातळ होतील. ताकदीचं म्हणाल तर ३९५६ चे ४०४९ सीसी होतील. ९३ सीसीसाठी पिस्टन बनवून घेणार?

फक्त चार नंबरला ड्राय लाइनर (आत दाबून बसवायची नळी) मारा आणि सहाही ०.५० ला आणा. ४००२ सीसी होतं, आहे तो सेट वापरला जातो. एका सिलिंडरला लाइनर मारला म्हणून इंजिन कमअस्सल होत नाही.

फक्त क्रम चुकवू नका. आधी ब्लॉकची हायड्रो टेस्ट करा, म्हणजे पाण्याच्या दाबाने गळती तपासा. गंजाचा खड्डा आतून दिसतो तेवढाच असतो असं नाही, पलीकडून वॉटर जॅकेटही (गार करणाऱ्या पाण्याची पोकळी) सडलेलं असू शकतं. ब्लॉक पास झाला तरच पुढचा रुपया. मग लाइनर. खाली पायरी ठेवायला सांगा, आरपार भोक मारून नुसता दाबून बसवला तर लाइनर सरकतो. लाइनर दाबल्यावर शेजारचे तीन आणि पाच नंबर किंचित आकार बदलतात, म्हणून बाकीचं बोरिंग लाइनरनंतर. आणि प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्यावर नंबर टाका, त्या त्या पिस्टनला तो तो बोअर. डब्यावर ०.५० छापलंय म्हणून बोअर करणारा माणूस दिसला तर ब्लॉक उचला आणि घरी या.

रिंगेची गॅप (टोकांमधली फट) सिलिंडरमध्ये घालून फिलर गेजने बघा. या बोअरला ०.३४ मिमीच्या आसपास हवी. कमी असेल तर कानस, जास्त असेल तर दुकानदाराला परत.

ग्रीस_आणि_गूळ:

काकांना साष्टांग. कॅम आणि दोन कार्ब्युरेटरबद्दल मी बोलतो, कारण तो किडा मलाही चावला होता.

स्ट्रोक ११४.३ आहे हे विसरू नका. ३४०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३ मीटर, ४५०० ला नेलंत तर १७ च्या पुढे. जुने रॉड, जुना क्रँक आणि लांबच लांब सहा सिलिंडरचा शाफ्ट. हे इंजिन वर पळायला केलेलंच नाही. याची गंमत खाली आहे, चालत्या वेगात चढ चढण्यात. रेसचा कॅम घातलात तर नेमकी तीच गंमत जाईल. एकच कार्ब्युरेटर ठेवा, पण तो चढावर ओव्हरफ्लो होत नाही ना ते बघा. फ्लोटची उंची थोडी कमी करून गाडी ट्रेलरच्या रॅम्पवर तिरकी उभी करा, इंजिन चालू ठेवा. पेट्रोलचा वास आला की समजायचं.

जेटही (कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं बारीक भोक) बदलावा लागेल. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण १४.७, याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे आठ-नऊ टक्के जास्त इंधन, जेटच्या व्यासात धरलं तर साधारण चार टक्के. मूळ जेट ठेवलात तर इंजिन लीन (इंधन कमी, हवा जास्त) चालेल आणि चढावर तापेल. पेट्रोलपंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घ्या, जुन्या रबराचा चिखल होतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटकडे दुर्लक्ष करू नका. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली, आपल्याकडे ते २००० साली संपलं. साध्या बिडाच्या सीट शिसं नसलं की खचत जातात. हेड खोललंच आहे तर कडक सीट बसवून घ्या.

वाचलेले पैसे सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) घाला. चढावर तेल मागे पळतं आणि पिकअप (तेल ओढणारी नळी) हवा ओढतो, दोन सेकंदांत बेअरिंग जातं. सम्पमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करून घ्या, रबाळ्यात कुठलाही फॅब्रिकेटर करेल. कुणाला फोटो काढून दाखवण्यासारखी गोष्ट नाही, पण शर्यत यावरच संपते किंवा संपत नाही.

कळंबोली_एक्स्प्रेस:

ठीक आहे, माघार घेतो. पण ओढ्याआधी फॅनबेल्ट काढायला विसरू नका. पाण्यात पंख्याची पाती पुढे वाकतात आणि रेडिएटर फाडतात. एअर क्लीनरचा पाइप बॉनेटच्या वर घ्या. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही, रॉड वाकतो. तुमचा पहिला ब्लॉक असाच गेला नाही ना?

कोलशेतकर:

तो मी घेतला तेव्हाच तसा होता, देवाशपथ.

सगळ्यांचे आभार. काकांच्या क्रमाने गेलो. हायड्रो टेस्टमध्ये एक वेल्च प्लग (ब्लॉकचं भोक बुजवणारं पत्र्याचं झाकण) झिरपला, बाकी ब्लॉक घट्ट. सगळे वेल्च प्लग नवे टाकतोय. बोरिंगवाला लाइनरला तयार झाला, पायरीचं म्हटल्यावर जरा रागावला. क्रँकच्या एका बिग एंडवर (रॉड बसतो ती जागा) ओरखडे आहेत, ०.२५ अंडरसाइझमध्ये साफ होतो. हेडला लाल डाय (तडा दाखवणारा रंग) मारून बघितली, व्हॉल्व्हच्या मधे तडा नाही.

आता एकच राहिलं. हेड फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) गेलंय. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साडेआठपर्यंत नेऊ का? नेलं तर किती घासायचं?

खरादी_काका:

किती घासायचं ते आधी विचारू नका, चेंबर (हेडमधली जळणाची पोकळी) मोजा. ०.५० नंतर तुमचं एक सिलिंडर ६६७ सीसी. साडेआठसाठी पिस्टन वर असताना एकूण ८९ सीसी जागा उरायला हवी, त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टन डेकपासून (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) जेवढा खाली राहतो ती जागाही धरायची. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, हेड उलटं ठेवा, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल भरत मोजा. सहाही चेंबर. त्यांच्यात दोन-तीन सीसीचा फरक निघाला तर मोठ्यांना हात लावायचा नाही, लहान आहेत ते आधी ग्राइंडरने सारखे करायचे, मग फेसिंग.

आकडे इथे टाका. तोवर फेसिंगवाल्याला फोन करून थांबवा, तो घाईचा माणूस असतो.

कोलशेतकर:

थांबवलं काका. शनिवारी सिरिंज घेऊन बसतो. निशाताई, ट्रेलरवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.