हैदराबादची चढउताराची हाफ मॅरेथॉन, ठाण्यात राहून तयारी कशी करू?

मानपाडा_रनर:
नमस्कार मंडळी, ऑगस्टच्या शेवटी हैदराबादला हाफ पळणार आहे, रजिस्ट्रेशन झालंय आणि नणंदेकडे उतरायचंय त्यामुळे ती बाजू निवांत. आत्तापर्यंत सगळ्या हाफ सपाट रस्त्यावर केल्या, पाम बीच रोड वगैरे, सव्वादोन तासांच्या आसपास येते. पण जो तो सांगतोय की हैदराबाद म्हणजे फ्लायओव्हरच फ्लायओव्हर, एक चढ उतरलात की दुसरा समोर उभा. नेकलेस रोडला पीपल्स प्लाझाला सुरू होऊन गचीबावलीला संपते एवढं माहितीये. मी मानपाड्याला राहते, सकाळी मुलीची स्कूल बस असते म्हणून मधल्या वारी येऊरच्या चढावर जाणं शक्यच नाही, फक्त रविवार मिळतो. तर आठवड्यातून एकदा येऊर करून भागेल का? आणि पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं, काय धरू? अजून एक, मागे येऊर करून आले तेव्हा चढताना काही वाटलं नाही पण नंतर दोन दिवस जिना उतरताना मांड्या इतक्या दुखत होत्या की कठडा धरून उतरत होते, हे नॉर्मल आहे का?

उपवनचा_पहाटवारा:
ताई रविवारचं येऊर अजिबात सोडू नका, आपल्याकडे एवढा चांगला चढ घराजवळ आहे हे खरंच आपलं भाग्य. उपवन तलावाला एक-दोन फेऱ्या मारून अंग गरम करा, मग गेटमधून वर. चढावर घड्याळ बघूच नका, श्वास बघा. तोंडातून चार शब्द सलग निघत असतील तर बरोबर चाललंय, एकेक शब्द तोडून बोलायला लागलात तर हळू करा. पावलं छोटी, नजर पंधरा-वीस फूट पुढे, कमरेतून वाकायचं नाही, आणि हात मागे जोरात न्यायचे, हात चालले की पाय आपोआप चालतात.

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं आणि वळणावर ओला पाला साचतो, तिथे उतरताना रस्त्याच्या मधोमध पळा पण बाइकवाल्यांकडे कान ठेवा, इअरफोन नकोच. आणि तो सगळा भाग नॅशनल पार्कचा आहे, बिबट्यांचा वावर असतो, तेव्हा अंधारात एकटीने जाऊ नका, उजाडू द्या, सोबत कोणीतरी घ्या.

फिजिओ_ठाणे_पूर्व:
मांड्यांबद्दल मी सांगते, रोजच्या कामातला विषय आहे. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, ब्रेकसारखा, आणि त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून चढ सोपा वाटतो आणि दुखणं येतं ते उताराचं, तेही लगेच नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. तर हो, नॉर्मल आहे. दोन्ही मांड्या सारख्या दुखतायत आणि तीन-चार दिवसांत कमी होतंय तर काळजी नको. पण एकाच गुडघ्यात टोचतंय, सूज आली, किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर सरळ डॉक्टरकडे जा, ते अंगावर काढायचं नाही.

चांगली गोष्ट ही की स्नायू शिकतो. एकदा असा ताण पडून भरून आला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला बरंच कमी दुखतं आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून उताराचा सराव थोडा थोडा वाढवत न्या आणि शेवटचा जोरदार उतार रेसच्या साधारण दोन आठवडे आधी करून टाका, रेसच्या आठवड्यात बिलकुल नको. घरी जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूहळू खालच्या पायरीला टेकवायची आणि परत वर यायचं, दोन्ही बाजूंनी, आठवड्यातून दोन-तीनदा. सावकाश करा, धपकन पाय पडला तर त्याचा उपयोग नाही.

पारसिक_लूप:
वरचं सगळं पटतं, पण फक्त येऊरवर भिस्त ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. येऊरला एकदा चढलात की चढलात, मग एकदाच उतरायचं. हैदराबादमध्ये तसं नाहीये. सुरुवात हुसेन सागर तलावाच्या कडेने, तिथे मस्त वाटतं आणि लोक उधळतात, मग पंजागुट्टा, ज्युबिली हिल्स, पुढे दुर्गम चेरुवू तलावावरचा केबल ब्रिज, सारखं वरखाली. पायाला एक लय मिळते न मिळते तोच ती मोडते, दमवतं ते हे. त्यामुळे सराव पण तसाच तुटक हवा, दीड-दोन मिनिटं चढ, लगेच उतार, लगेच सपाटीवर नेहमीच्या पेसने, परत चढ. आम्ही बेलापूरला पारसिक हिलवर हेच करतो, एखादा रविवार इकडे या, किंवा खारघर हिलला. आणि यंदाचा रूट मॅप आयोजकांच्या साइटवर बघून घ्या, रूट कधी बदलला तर इथलं वाचून गेलेला माणूस फसतो.

मधल्या वारी वेळ नाही म्हणताय तर सोसायटीत पोडियम पार्किंग, म्हणजे इमारतीखालचं मजल्यांचं पार्किंग, आहे का? त्याचा रॅम्प वापरा! आमच्या ग्रुपमधले दोघं जण फक्त त्यावर तयार झालेत. वॉचमनला आधी सांगून ठेवा आणि गाड्या निघायच्या आधी उरका.

मानपाडा_रनर:
खूप खूप आभार सगळ्यांचे, रॅम्प आहे की आमच्याकडे, तीन मजली, आणि मला हे सुचलंच नव्हतं! ताई ते पायरीचं आजच करून बघितलं, डावा पाय चांगलाच थरथरतो, उजवा ठीक आहे. पेसचं कोणी सांगाल का, सव्वादोन धरू की सोडून देऊ? आणि उतारावर बोटं बुटाला पुढे आपटतात, अंगठ्याचं नख काळं पडलंय.

फिजिओ_ठाणे_पूर्व:
डाव्या पायाने ते दोन-चार वेळा जास्त करा, महिनाभरात फरक दिसेल. नखासाठी आधी नखं कापा, मग बुटाचं सगळ्यात वरचं जास्तीचं भोक असतं ना जे कोणी वापरत नाही, त्यातून लेस आत घालून दोन्ही बाजूंना छोटा लूप करा आणि समोरच्या बाजूची लेस त्या लूपमधून ओढून बांधा. टाच मागे घट्ट बसते, पाय पुढे सरकत नाही. बूटच लहान असेल तर मात्र अर्धा नंबर वाढवा. आणि रेसच्या सकाळी ब्रुफेनसारखी पेनकिलर घेऊन पळू नका, घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना किडनीवर ताण येतो.

पारसिक_लूप:
सव्वादोन म्हणजे किलोमीटरला साधारण 6:24, ते सपाटीचं गणित झालं. मी तुमच्या जागी असतो तर 2:22 ते 2:25 धरलं असतं आणि पहिले पाच किलोमीटर 6:50 च्या आत गेलोच नसतो. चढावर पेस 7:30 दाखवतंय तर दाखवू दे, ते उतारावर धाडधाड पळून वसूल करायला जाऊ नका, 16-17 व्या किलोमीटरला मांड्या हिशोब मागतात. उतारावर पावलांचा आवाज ऐका, फटफट वाजायला लागलं की पाय शरीराच्या फार पुढे पडतोय, पावलं छोटी करा.

हवामानाचं टेन्शन नको, हैदराबाद पठारावर आहे, ऑगस्टच्या पहाटे आपल्या ठाण्याइतकं चिकट नसतं. पाणी आणि मीठ मात्र लाँग रनला जे घेताय तेच तिथे, नवीन काही नाही. जुलैतल्या एखाद्या रविवारी पारसिकला येणार असाल तर इथेच कळवा, सहाला पायथ्याशी भेटू, आमच्यात तुमच्या पेसच्या दोघी आहेत.