टू-डी इकोत ‘एपिकार्डियल फॅट’ आलंय, घाबरायचं का?

नलू_सांगली
वय ५४, पाळी जाऊन चारेक वर्षं झाली. जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून टू-डी इको केला. पंपिंग ६० टक्के, झडपा ठीक, आणि खाली एक ओळ: ‘एपिकार्डियल फॅट पॅड ठळक’. डॉक्टर म्हणाले, “वजन कमी करा,” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. अहो, मी जेमतेम ५८ किलो! हातपाय काड्या, फक्त परकराची नाडी आताशा पुरत नाही. जाऊबाईंचा लसूण-लिंबाच्या काढ्याचा आग्रह चाललाय, म्हणे ब्लॉकेज धुऊन निघतात. हे म्हणतात, सरळ अँजिओग्राफी करून टाक. काय करू?

फिजिशियन_कोथरूड
नलूताई, एपिकार्डियल फॅट म्हणजे हृदयालगतची चरबी, ती सगळ्यांनाच असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या तिच्यातूनच जातात. बेताची असली तर हृदयाच्या स्नायूला इंधनही पुरवते. वाढली की दाह वाढवणारी द्रव्यं सोडते, आणि धमनी व चरबी यांच्यात आडपडदा नसल्यामुळे ती द्रव्यं थेट धमनीपर्यंत पोचतात.

पाळी थांबली की इस्ट्रोजन उतरतं. मग मांड्यांवर बसणारी चरबी पोटात आणि हृदयाभोवती बसू लागते. पाळी थांबतानाच्या काळातल्या बायकांवरच्या अमेरिकेतल्या ‘स्वान’ अभ्यासात समर एल खुदारी यांच्या गटाने २०१५ साली सीटी स्कॅनवरून हेच दाखवलं. तेव्हा वजनकाटा बाजूला ठेवा, टेप काढा. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी.

इकोवरचा हा अंदाज ढोबळच असतो. त्या एका ओळीवरून अँजिओग्राफी नको. पण धाप सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी, साखर, लिपिड प्रोफाइल आधी बघून घ्या. टीएमटी (पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची तपासणी) हवी का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. छातीत दडपण, जबडा किंवा पाठ भरून येणं, घाम, मळमळ असं काही झालं तर ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका, तडक इस्पितळ गाठा.

काढ्याबद्दल: धमनी म्हणजे मोरी नव्हे.

ठाणेकर_मावशी
माझ्या इकोत आधी ‘हृदयाभोवती पाणी’ म्हणाले होते! दुसरीकडे दाखवलं तेव्हा कळलं, ती चरबीच. घरात नुसती रडारड. आता रोज भराभर चालते, रात्रीचा भात बंद केलाय. कंबर उतरली, धापही कमी आहे. डॉक्टर, हॉर्मोनच्या गोळ्यांनी ही चरबी थांबते का?

फिजिशियन_कोथरूड
निव्वळ हृदयासाठी त्या देत नाहीत. २००२ मध्ये अमेरिकेतली या गोळ्यांची मोठी चाचणी, फायद्यापेक्षा धोका जास्त दिसल्यामुळे, मध्येच थांबवावी लागली होती. वाफा, घाम फारच छळत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, तो वेगळा विषय. भराभर चालणं मात्र उत्तम, पोटाबरोबर ही चरबीही उतरते.

नलू_सांगली
टेप लावली. ८९! बेंबीवर मोजायचं की वर?

फिजिशियन_कोथरूड
शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. श्वास सोडून, पोट आत न ओढता.