एकच प्रत: शाळेतलं हस्तलिखित, भित्तिपत्रक आणि मंडळं – तुमचे अनुभव

परवा माळा आवरताना एका खोक्यात बोरूच्या तीन काड्या सापडल्या. टोकाला अजून काळी शाई.

1988 साली मी आठवीत. तालुक्याच्या गावचं हायस्कूल. वाङ्मय मंडळ म्हणजे मराठीचे एक सर, नऊ पोरं आणि वर्षाला एक हस्तलिखित. माझं अक्षर बरं म्हणून नक्कल करायचं काम माझ्याकडे. पेन्सिलीने रेघा मारायच्या, बोरूने शीर्षकं, टाकाने मजकूर, शाई वाळली की रेघा खोडायच्या. चौदा कविता, सहा निबंध, दोन पाककृती (दोन्ही शंकरपाळ्यांच्या), कोडी आणि सरांचं संपादकीय, ज्याखाली नाव माझं. महिनाभर माझ्या मधल्या बोटाला गाठ आली होती.

संमेलनाच्या दिवशी पाहुण्यांनी रेशमी फीत सोडली, दोन पानं उलटली, "सुवाच्य!" म्हणाले. अंक मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात गेला. किल्ली क्लार्ककडे. काचेतून मुखपृष्ठ दिसायचं, एवढंच. ज्यांनी लिहिलं त्यांनीसुद्धा तो कधी वाचला नाही.

तुमच्याकडे काय होतं? कोण लिहायचं, कात्री कुणाची चालायची, आणि शेवटी त्या अंकाचं झालं काय? गावाचं नाव चालेल. शाळेचं, सरांचं नको.

स्टेन्सिल, गडहिंग्लज

एकच प्रत? आमच्याकडे दीडशे निघायच्या! शाळेत परीक्षेच्या पेपरांसाठी सायक्लोस्टाइल मशीन होतं. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही, जास्त झाला तर गोल भाग कापला जाऊन गळून पडतो. ‘व’ आणि ‘ठ’ लिहिताना श्वास धरायचो. एका अंकात मुख्याध्यापकांच्या आडनावातला ‘व’ गळाला आणि दीडशे प्रतींत त्या जागी काळा ठिपका आला. चूक दुरुस्त करायला लाल पातळ औषध असायचं, नेलपॉलिशसारख्या वासाचं. ते संपलं की नववीतल्या मुलींकडे मागायला जायचो, म्हणजे खरं नेलपॉलिश. चालायचं नाही, पण जायचो.

किंमत 25 पैसे. पैसे देऊन घेतलेला अंक पोरं वाचतात, हे तेव्हा कळलं. विनोदाचं पान आधी.

दक्षिण कोकण

आमचं विज्ञान मंडळ, सावंतवाडी. 16 फेब्रुवारी 1980 चं सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा आमच्या खालून, अंकोल्यावरून गेला. आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्याची बारीक कोर उरेल इतकं मोठं. शनिवार होता, सकाळची शाळा. सर म्हणाले, दुपारी तीनला परत या. मंडळात बावीस जण. आलो चार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळ्यांची दारं-खिडक्या बंद, शिजलेल्या अन्नावर तुळशीपत्र.

पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडायची, असं ठरलं होतं. पण मजा निराळीच झाली. आवारातल्या फणसाखाली पानांच्या फटींतून जो उजेड पडतो, त्याचे गोल कवडसे हळूहळू चंद्रकोरी झाले. जमिनीवर शेकडो. सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पण. सर स्वतःचीच बाही बघत उभे राहिले, काही बोललेच नाहीत.

सोमवारी वार्ताफलकावर बातमी मी लिहिली, रंगीत खडूने, उपस्थित चौघांच्या नावांसकट. तिथेच चुकलं. संध्याकाळपर्यंत ती चारही घरांत पोचली. आई दारातच उभी: "खंय गेल्लंस शनवारी?" बातमी खरी असल्याचा पुरावा आठवडाभर माझ्या पाठीवर होता.

खरी कमाई

आमच्या शाळेत सात मंडळं होती. वार्षिक अहवालात. प्रत्यक्षात स्काऊट. बाकी सहा मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस आणि सभासद म्हणून आमचीच नावं फिरवून लिहायचे. मी तीन वर्षं संगीत मंडळाचा चिटणीस होतो हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

जुना वर्धेकर

कात्रीचं विचारलंत म्हणून लिहितो.

1975, आणीबाणी. मी नववीत. पवनार आमच्यापासून सायकलीच्या टप्प्यात, त्यामुळे ‘अनुशासन पर्व’ हा विनोबांच्या नावाने फिरणारा शब्द आमच्याकडच्या भिंतींवर जरा जास्तच ठळक. शाळेत दर शनिवारी भित्तिपत्रक लागायचं: एक ड्रॉइंगशीट, चार टाचण्या. माझ्या मित्राने चार ओळी लिहिल्या:

गाड्या आल्या वेळेवर,
साहेब आले वेळेवर,
गणिताचे सर तेवढे
अजून त्यांच्या वेळेवर.

मधल्या सुट्टीत ही गर्दी. मुख्याध्यापक आले, गर्दी फाटली. त्यांनी चारही टाचण्या एकेक करून काढल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवल्या, कागदाची गुंडाळी केली आणि आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. छडी येणार म्हणून मी हात पुसून ठेवले होते. त्यांनी दार लावलं आणि अगदी हळू म्हणाले, "खालच्या दोन ओळींचं काही नाही रे. वरच्या दोन कोण कशा वाचेल, ते मला सांगता येत नाही."

एवढा मोठा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पुढच्या शनिवारपासून कागदावर सुविचार आणि दिनविशेष.

मार्च 1977 मध्ये मी दहावीला बसलो. आमच्याआधी सरकारचाच निकाल लागला. जूनमध्ये दाखला आणायला गेलो तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून तो कागद काढून हातात दिला. टाचण्या नाही दिल्या.

धागाकर्ती

वर्धेकर, कागद अजून आहे का?

जुना वर्धेकर

मित्राला देऊन टाकला. कविता त्याची होती.

लिंबाखालचा वर्ग

उमरगा. किल्लारीचा भूकंप: 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. त्यानंतर कित्येक दिवस आमचे वर्ग लिंबाच्या झाडाखाली भरत होते, कारण इमारतीत जायला मुलंही तयार नव्हती आणि मास्तरही.

हस्तलिखित दिवाळीनंतर निघायचं. त्या वर्षी बाईंनी विषयच दिला नाही, "लिहा" एवढंच म्हणाल्या. निम्म्या पोरांनी पेपरातून उतरवलं. ‘काळाचा घाला’ सहा जणांचं, त्यात मी एक. सास्तूरकडची एक मुलगी मामाकडे राहायला आली होती आणि आमच्याच वर्गात बसायची. तिने एक पान दिलं. त्यात तिच्या गल्लीतली घरं होती, ओळीने. उजव्या हाताला पहिलं, दारात शेवगा. दुसरं, पायरी तुटकी. तिसऱ्याच्या माळोदावर मिरच्या वाळत घातलेल्या. असं टोकापर्यंत. कोण राहायचं ते लिहिलेलं, पुढे कोणाचं काय झालं ते नाही. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा तो जड थर. पुढचं तिकडच्या कुणाला सांगायला लागत नव्हतं.

नक्कल मी करत होतो. मी ‘माळोद’ खोडून ‘माळवद’ केलं, आणखी आठ-दहा शब्द नीट केले आणि बाईंना विचारलं, "हे कुठल्या विभागात?" बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली. माझं पान फाडलं. "तिच्या घराला ती जे म्हणते तेच लिही. आणि विभाग नको, पहिलं पान."

अंक कुठं गेला माहीत नाही. बाहेरून कोणी ना कोणी बघायला येत होतं त्या दिवसांत, त्यातलं कुणीतरी दाखवायला म्हणून घेऊन गेलं.

मक्याच्या देशात

आम्ही अमेरिकेत, आयोवात, सात हजार वस्तीच्या गावात. इथेही छोट्या गावातलं हायस्कूल ते छोट्या गावातलंच. मंडळांत सगळ्यात मान शेतकी विद्यार्थ्यांच्या एफएफएला. त्यांचं निळं कॉर्डरॉयचं जाकीट घालून पोरं लग्नालासुद्धा जातील. आमच्याकडे गाय सोडा, कुंडीही धड नाही, तरी लेक त्यात आहे. आणि ती शाळेच्या वर्तमानपत्रात लिहिते. पत्र म्हणजे गावच्या साप्ताहिकातलं एक पान.

यंदा तिने फुटबॉलवर किती खर्च होतो आणि वाद्यवृंदावर किती, ते शेजारी-शेजारी मांडलं. मी सवयीने विचारलं, "मुख्याध्यापकांनी वाचलं का आधी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मला शिकवणी मिळाली. शेजारच्या मिसुरीत एका मुख्याध्यापकांनी शाळेच्या पत्रातली दोन पानं काढून टाकली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1988 मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी शाळा जिंकली. त्यावर पुढच्याच वर्षी आयोवाने आपला कायदा केला, विद्यार्थ्यांच्या बाजूने. अश्लील, बदनामीकारक किंवा कायदा वा शाळेचे नियम मोडायला, शाळेच्या कामात मोठा गोंधळ घालायला चिथावणारं असेल तरच शाळेला अडवता येतं. आकडे अडवता येत नाहीत.

छापून आलं. शाळेने खरोखरच काही म्हटलं नाही. फक्त दुकानात फुटबॉल प्रशिक्षकांच्या बायकोने मला बघून ट्रॉली दुसऱ्या रांगेत वळवली. त्यासाठी कुठल्याच कायद्यात कलम नसतं. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

खडू-डस्टर

मी सध्या बुलढाणा जिल्ह्यात मराठी शिकवते. 2020 मध्ये शाळा बंद होत्या म्हणून आम्ही अंक पीडीएफ करून पालकांच्या ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले. उघडला किती जणांनी, विचारू नका. तीन मुलांच्या ‘माझी आई’मध्ये आईच्या डाव्या गालावर तीळ होता. तीन वेगळ्या आया, एकच तीळ, ‘तीळ’ ऱ्हस्व ‘ति’ने लिहिलेला तोसुद्धा तिघांचा एकच.

आता परत हस्तलिखितावर आले आहे. जुन्याचं प्रेम वगैरे काही नाही. हाताने उतरवायचं म्हटलं की मुलं कंटाळतात आणि उसनं घेतलेलं आधी गाळतात. उरतं ते बहुतेक वेळा त्यांचं असतं, पाच ओळींचं का होईना. वार्ताफलकही मुलांकडेच दिलाय. गेल्या महिन्यातली मुख्य बातमी: ‘हापशी बिघडली आहे. हे तिसऱ्यांदा लिहीत आहोत.’

घंटेवरची

माझे बाबा शाळेत शिपाई होते. त्या काचेच्या कपाटांचं काय होतं ते मी सांगते. कपाट भरलं की जुनं रद्दीत काढतात. बाबांनी एका वर्षी सात अंक गोणपाटात घालून सायकलवरून घरी आणले. किलोवर पैसे भरून आणले, फुकट नाही. हे ते आवर्जून सांगायचे.

घरात दुसरं पुस्तक नव्हतं. मी वाचायला शिकले ती त्याच अक्षरांवर, त्यामुळे पहिलीत छापील ‘ल’ आणि ‘श’ मला ओळखूच येईनात. शंकरपाळ्यांची कृती आमच्याही अंकांत आहे, धागाकर्ती. मोहन किती घालायचं ते कुणीच लिहीत नाही.

एकाला वाळवी लागली, सहा आहेत. 1984 च्या अंकात एक कोडं आहे:

शाळेत येतो सर्वांआधी,
जातो सर्वांनंतर,
हजेरीत नाव नाही,
ओळखा पाहू लवकर.

खाली लिहिलंय, ‘उत्तर पान 42 वर’. पान 42 फाटलेलं आहे. आई म्हणायची, कुलूप. बाबा काहीच म्हणायचे नाहीत, हसायचे. त्या वर्षीच्या मुलांपैकी कुणी इथे असेल तर सांगा.