‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’ बारा वर्षांच्या मुलीने आत्ताच वाचावे का?

धागालेखिका:
नमस्कार. माझ्या बारा वर्षांच्या मुलीने हॅरी पॉटरची पहिली चार पुस्तके झपाटल्यासारखी वाचून काढली, पाचव्याशी मात्र ती अडली आहे. आमच्याकडच्या ब्रिटिश आवृत्तीची ७६६ पाने आहेत आणि तीन आठवडे झाले तरी खूण नवव्या प्रकरणातून पुढे सरकलेली नाही. ‘हॅरी सारखा चिडतो आणि शाळा सुरूच होत नाही,’ अशी तिची तक्रार आहे. मी स्वतः फक्त पहिला भाग, तोही मराठी अनुवादात, वाचलेला आहे. या भागाच्या शेवटी हॅरीच्या अगदी जवळच्या पात्राचा मृत्यू होतो, असे मैत्रिणीकडून समजले. पुस्तक वर्षभर बाजूला ठेवावे, काही प्रकरणे गाळावीत, की आधी चित्रपट दाखवावा? मला कथानक आधी कळले तरी चालेल.

प्रतिसाद १:
बाजूला ठेवू नका. आपली मुलगी नेमकी उंबरठ्यावर थांबली आहे, कारण दहाव्या प्रकरणात शाळेची गाडी सुटते आणि बाराव्यात अम्ब्रिजबाईंचा पहिला तास होतो. माझ्या मते मालिकेतील सर्वांत भयंकर पात्र हेच आहे. गुलाबी लोकरी जाकीट घालणारी, गोड आवाजात बोलणारी ही बाई जादू मंत्रालयाने शाळेत नेमलेली आहे आणि तिचे शस्त्र म्हणजे फर्माने. तीन किंवा अधिक विद्यार्थ्यांनी परवानगीशिवाय नियमित एकत्र जमू नये, असेही एक फर्मान निघते. हॅरीला ‘मी खोटे बोलता कामा नये’ हे वाक्य शिक्षा म्हणून ज्या लेखणीने लिहावे लागते तिला शाई लागत नाही. अक्षरे त्याच्याच रक्ताने कागदावर उमटतात आणि त्याच वेळी हाताच्या पाठीवर कोरली जातात. हे सगळे दिवसेंदिवस, संथपणे चालते, म्हणूनच वाचणाऱ्याचाही श्वास कोंडतो. ही लांबी कमी केली असती तर मुले चोरून जमतात आणि एकमेकांकडून संरक्षणाचे मंत्र शिकतात, त्या प्रकरणांत जो मोकळेपणा जाणवतो तो जाणवला नसता.

राहिला चिडण्याचा प्रश्न. हॅरी पंधरा वर्षांचा आहे, चौथ्या भागाच्या शेवटी त्याने डोळ्यांदेखत मित्राचा मृत्यू पाहिला आहे, आणि त्यानंतर संपूर्ण उन्हाळा त्याला कोणीही काही सांगत नाही. तो चिडला नसता तर मला ते खोटे वाटले असते.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादातील अम्ब्रिजबाईंविषयीचे मत मला मान्य आहे, परंतु लांबीचे इतके समर्थन करता येईल असे वाटत नाही. अडतीस प्रकरणांचे हे पुस्तक मालिकेत सर्वांत मोठे आहे आणि त्यातील निदान शंभर पाने संपादकाने काढायला हवी होती. ग्रिमॉल्ड प्लेसच्या त्या जुन्या घराची साफसफाई लांबत जाते, आणि शाळेतल्या हॅग्रिडच्या राक्षसवंशी भावाचा भाग तर उत्तरार्धाचा वेग पार मोडून टाकतो. तीन वर्षे वाट पाहून २००३ साली हे पुस्तक हाती आले, तेव्हाही माझे हेच मत झाले होते. मुलीला कंटाळा आला तर ती पाने भरभर चाळू द्यावीत, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

प्रतिसाद १:
हॅग्रिडच्या भावाबाबत मी वाद घालणार नाही. साफसफाईची पाने मात्र कृपया गाळू देऊ नका. दिवाणखाना आवरताना कोणालाच न उघडता येणारे एक जड लॉकेट एका वाक्यात येऊन जाते, आणि सातव्या भागात ते पुन्हा समोर येते. ज्या मुलांना ते वाक्य आठवते, त्यांचा त्या वेळचा आनंद मी घरात पाहिला आहे. नवव्या प्रकरणात हॅरीच्या मित्राची आई, मिसेस वीज्ली, एकट्याच रडताना दिसतात, तीही याच घरातली घटना आहे.

प्रतिसाद ३:
चित्रपट आधी दाखवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. २००७ सालचा हा चित्रपट सव्वादोन तासांच्या आसपास आहे. सर्वांत मोठ्या पुस्तकावरचा चित्रपट मालिकेतील लहान चित्रपटांपैकी एक आहे. त्यात जादूगारांच्या रुग्णालयाचा भागच नाही, आणि माझ्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा तेथेच आहे. तेविसाव्या प्रकरणात, नाताळच्या सुट्टीत, हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल आजीबरोबर आईवडिलांना भेटायला येतो. छळामुळे दोघांचेही भान कायमचे हरपलेले आहे. आई पाय ओढत येते आणि त्याच्या हातात च्युइंगगमचे रिकामे वेष्टन ठेवते. आजी म्हणते, टाकून दे, अशांनी तुझी खोली मढवता येईल. निघताना तो ते गुपचूप खिशात घालतो. नेव्हिलला तोवर वेंधळा मुलगा समजणारी माझी भाची या पानावर बराच वेळ थांबली होती.

मृत्यूविषयी इतकेच सांगते की तो क्षणार्धात घडतो आणि निरोपाला जागाच ठेवत नाही. त्या व्यक्तीने सुट्टीनंतर हॅरीला एक लहानशी पुडी दिलेली असते आणि त्याने ती उघडलेलीच नसते. ती शेवटी उघडली जाते तेव्हा मुलांना सर्वांत जास्त रडू येते. शेवटची चार प्रकरणे ती रात्री एकटीने वाचणार नाही, एवढे आपण पाहावे. पुस्तक लपवण्याची गरज नाही.

धागालेखिका:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिला एवढेच सांगितले की पुढच्याच प्रकरणात गाडी सुटते. आज सकाळी खूण तेराव्या प्रकरणात होती, आणि ‘आई, अशा बाईंची तक्रार करायची तरी कोणाकडे?’ असे तिने शाळेत जाता जाता विचारले. तेविसाव्या प्रकरणापर्यंत तिला गाठता यावे म्हणून मीही आजपासून हे पुस्तक वाचायला घेते आहे.