डायल्यूशनचा आकडा माणसाने टाइप करावाच का?

पिपेटवाली

वेर्ण्यात एका औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) काम करते. वर्षभरापूर्वी लिक्विड हँडलर (द्रव मोजून उचलणारं-टाकणारं मशीन) आला आणि वर्कफ्लो सॉफ्टवेअरमध्ये डायल्यूशनचे (द्रावण पातळ करण्याचे) टप्पे लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यावरून लॅबमध्ये जुंपली आहे, म्हणून इथे मांडते.

माझं म्हणणं: अ‍ॅनालिस्टने 'किती मायक्रोलिटर घ्यायचे' किंवा 'कितीपट पातळ करायचं' हे टाइप करूच नये. स्टॉकची (मूळ घट्ट द्रावणाची) संहती, हवी ती संहती आणि शेवटी लागणारं व्हॉल्यूम, एवढंच भरावं. बाकीचं सॉफ्टवेअरने काढावं. गणित शाळेतलंच आहे, सी१व्ही१ बरोबर सी२व्ही२ (सी म्हणजे संहती, व्ही म्हणजे व्हॉल्यूम).

कारण आमच्याकडेच घडलं. एका नवीन मुलाने टप्प्यात '१:१०' लिहिलं. त्याच्या डोक्यात एक भाग अधिक दहा भाग, सॉफ्टवेअरच्या लेखी एकूण दहा भाग. मशीनने सॉफ्टवेअरचं ऐकलं, त्या मुलाने हिशेब स्वतःच्या ११ ने केला. निकाल दहा टक्क्यांनी चढले आणि दोन दिवस आम्ही कॉलमला (नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या नळीला) शिव्या घातल्या. कॉलम बिचारा निर्दोष.

आणखी एक. १ मिग्रॅ/मिलीच्या स्टॉकवरून ०.५ मायक्रोग्रॅम/मिली हवं असेल तर २००० पट पातळ करावं लागतं. १ मिली बनवायचं म्हटलं तर स्टॉक अर्धा मायक्रोलिटर! ते कुणाच्याच हातून धड होत नाही, मशीनच्याही नाही. आम्ही सॉफ्टवेअरला किमान उचल १० मायक्रोलिटर सांगून ठेवली आहे, मग ते आपणहून दोन टप्पे पाडतं: २५ अधिक ९७५, मग त्यातले २० अधिक ९८०. चाळीस गुणिले पन्नास. हे रात्रपाळीला कागदावर करत बसायचं कशाला?

क्यूए_काका

बाय, हिशेब बरोबर आहे, पण दुखणं दुसरीकडे आहे. फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची) पद्धत '५ मिली घेऊन ५० मिली करा' म्हणते. तू २५ मायक्रोलिटरवर आणलंस की ती पद्धत तुझी झाली. व्हॅलिडेशन (ती बरोबर चालते हे सिद्ध करणं) कोण करणार? सुधारित शेड्यूल एम (औषधनिर्मितीचे सरकारी नियम) डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालं, संगणकीय प्रणालीही त्यात आल्या. इन्स्पेक्टर विचारेल, हे दोन टप्पे कुणी ठरवले? 'सॉफ्टवेअरने' हे उत्तर चालत नाही.

आणि क्लास एचा १०० मिलीचा फ्लास्क ०.१ मिलीच्या आत असतो. तुमच्या पिपेटचं काय? आयएसओ ८६५५ (पिपेटच्या अचूकतेचं मानक) प्रमाणे १००० मायक्रोलिटरच्या पिपेटला ८ मायक्रोलिटरची पद्धतशीर चूक माफ आहे. तीच पिपेट १०० वर वापरली तरी माफी ८ मायक्रोलिटरचीच, म्हणजे ८ टक्के. सॉफ्टवेअरला 'किमान १०' सांगितलंस, पण कुठल्या टिपने (पिपेटच्या टोकाला लावायच्या नळीने) ते सांगितलंस का?

अजून एक, हे तुम्ही मुलं विसरता. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिसळलं तर १०० मिली होत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. फ्लास्कमध्ये आपण मार्कपर्यंत भरतो, म्हणून ती तूट आपोआप भरून निघते. मशीन नुसती बेरीज करतं.

नुसता_वाचक

माणूस चुकला तर एक नळी वाया जाते. मशीन चुकलं तर ९६ खळग्यांची अख्खी प्लेट. एवढंच बोलून थांबतो.

पिपेटवाली

काका, टिपचा मुद्दा मान्य. आमच्याकडे किमान मर्यादा एकच आहे, टिपप्रमाणे वेगळी हवी. सोमवारी बदलते.

आकुंचनाचं मात्र अर्धंच मान्य. आमचं स्टॉक ज्या डायल्युएंटमध्ये (पातळ करायच्या द्रवात) असतं त्यातच पुढचे टप्पे होतात, मग तूट कुठून येणार? मिथेनॉलमधलं स्टॉक थेट पाण्यात टाकायचं असेल तर तुमचं खरं, तो टप्पा मी फ्लास्कलाच ठेवेन. मिथेनॉलचा खरा त्रास वेगळा: टिपमधून ठिबकतं. त्यासाठी लिक्विड क्लास (त्या द्रवापुरती मशीनची सेटिंग) वेगळा लावावा लागतो. टिप आधी दोन-तीनदा भिजवायची, वेग कमी, शेवटी थोडी हवा ओढून घ्यायची. पाण्याचीच सेटिंग मिथेनॉलला लावून मग 'मशीन खोटारडं' म्हणणारे मी पाहिलेत.

९६ वाल्यांना: म्हणूनच तर आकडा टाइप करू देऊ नये म्हणते!

मांडवीचं_पाणी

मी पाण्याच्या तपासणीत आहे, कोलिफॉर्म जिवाणू वगैरे. आमच्याकडे संहती आधी माहीतच नसते. ती शोधायलाच तर डायल्यूशन करतो. पावसाळ्यात नदीचं पाणी कधी १० पटीला मोजता येतं, कधी हजार पटीला. प्लेटवर ३० ते ३०० वसाहती आल्या तरच मोजणी धरायची. तिथे तुमचा 'हवी ती संहती भरा' हा रकाना रिकामा राहणार. आम्हाला पटच टाइप करावी लागते.

फक्त रकान्याचं नाव 'एकूण किती भाग' असं ठेवा आणि खाली '१ मिली नमुना + ९ मिली पाणी' असं आपोआप उमटू द्या. तुमच्या त्या मुलाची चूक तिथल्या तिथे दिसली असती. भांडण टायपिंगचं नाहीच, त्या दोन टिंबांचं आहे.

ढवळण्याचंही बघा. जिवाणू तळाशी बसतात. प्रत्येक उचलीआधी मिक्सिंग आणि प्रत्येक टप्प्याला नवी टिप हवी. टिपा वाचवायला एकच टिप आठही टप्पे फिरवली की आधीच्या घट्ट टप्प्यातलं पुढच्या पातळ टप्प्यात जातं.

स्क्रिप्टकार

मला हे कुलूपबंद टेम्प्लेटच पटत नाहीत. ओपनट्रॉन्ससारख्या मशीनला पायथनमध्ये दहा-बारा ओळी लिहिल्या की पट, टिप, मिक्सिंग सगळं समोर दिसतं. संशोधनात रोज प्रयोग बदलतो, दरवेळी क्यूएची (गुणवत्ता हमी विभागाची) सही कोण आणणार?

आणि चुकीची भीती असेल तर ती साखळीची बाळगा. प्रत्येक टप्प्यात उचल २ टक्के कमी पडली तर आठव्या टप्प्याला हातात जवळपास ८५ टक्केच उरतं. सॉफ्टवेअर स्क्रीनवर १०० दाखवत राहतं. शक्य तिथे सगळे टप्पे थेट स्टॉकमधून पाडा.

क्यूए_काका

संशोधनात काय हवं ते करा, बॅच रिलीजला (माल बाजारात सोडायच्या तपासणीला) तुमच्या दहा ओळी मी येऊ देणार नाही.

पिपेटवाली, एक राहिलं. जुलैत प्लेट अर्धी असताना वीज गेली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि प्लेटच्या कुठल्या खळग्यात काय पडलंय हे कुणालाच सांगता येईना. असं झालं तर तुझं सॉफ्टवेअर प्रत्येक उचलीची वेळ लिहून ठेवतं, की फक्त 'टप्पा पूर्ण' एवढंच?

पिपेटवाली

'टप्पा पूर्ण' एवढंच. अर्धी प्लेट आम्ही फेकून देतो, यूपीएस मागितलाय.

क्यूए_काका

मग आधी तेवढं लाव. चवथीची सुट्टी संपली की टार्ट्राझिन (पिवळा खाद्यरंग) घेऊन बसू. तू प्लेटवर आठ टप्पे पाड, मी तेच आठ फ्लास्कमध्ये करतो, दोन्ही ४२७ नॅनोमीटरला वाचू. फ्लास्क मी धुऊन आणतो, तुमच्या लॅबमधले नकोत.