सतराशे माणसांची नगरपालिका? फिलिपिन्सची माहिती असलेलं कोणी आहे का इथे

बोटीवरचा बंड्या

नमस्कार मंडळी. मी कार्गो जहाजावर असतो, सध्या सुट्टीवर घरी गुहागरला. आमच्या क्रूमधे अर्ध्याच्या वर पोरं फिलिपिनो, त्यातला बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, साबतांग नावाच्या बेटावरचा आहे. प्रांत बातानेस, म्हणजे नकाशात फिलिपिन्सचं अगदी वरचं टोक, तिथून पुढे समुद्र आणि मग तैवानच. तर हा सारखा माझी म्युनिसिपालिटी अशी, माझी म्युनिसिपालिटी तशी करायचा, मला वाटलं चिपळूण नाही तर निदान गुहागरएवढं तरी असेल. एकदा विचारलं वस्ती किती, तर म्हणे सतराशे. अहो सतराशे! आमच्याकडे एकेका ग्रामपंचायतीला याच्याहून जास्त मतदार असतात. आणि त्याला मेयर, वर व्हाइस मेयर, वर आठ नगरसेवक. मी जोरात हसलो, त्याला ते आवडलं नाही, दोन दिवस नीट बोलला नाही आणि मग मलाच कसंतरी झालं. तर प्रश्न असा की हे चालतं कसं, पैसा येतो कुठून, आणि तिथे माणसं करतात काय? पुढच्या कॉन्ट्रॅक्टनंतर त्याने घरी बोलावलंय, जाण्यासारखं आहे का तेही सांगा.

अव्वल कारकून

बंड्याभाऊ, गोंधळ शब्दाचा आहे. त्यांची म्युनिसिपालिटी म्हणजे आपली नगरपालिका नव्हे. ते लोक तिला बायान म्हणतात, म्हणजे एक मुख्य गाव आणि त्याच्या आजूबाजूची सगळी खेडी, शेतं, डोंगर, समुद्रकिनारा धरून. आपल्याकडचं जवळचं काही म्हणायचं तर पिटुकला तालुका म्हणा, फक्त तहसीलदाराच्या जागी लोकांनी निवडून दिलेला मेयर बसतो. अशा म्युनिसिपालिट्या देशभर जवळजवळ १५०० आहेत. त्याखाली बारांगाय, तीच त्यांची खरी ग्रामपंचायत, ते देशभरात ४२ हजारांच्या आसपास. साबतांगला सहा बारांगाय आहेत: सिनाकान, मालाकदांग, साविदुग, चावायान, सुमनांगा आणि नाकानमुआन. म्हणजे सतराशे लोकांत एक मेयर आणि शिवाय सहा बारांगाय कॅप्टन, प्रत्येकाचे सात सदस्य, आणि तरुणांची वेगळी कमिटी ती निराळीच. घरटी एक पुढारी निघत असेल बहुतेक, आपल्याकडे तरी वेगळं काय आहे म्हणा.

आता पैसा. १९९१ च्या त्यांच्या स्थानिक स्वराज्य कायद्यात केंद्राच्या करांतला ४० टक्के वाटा खाली द्यायचा असं लिहिलंय. त्यातले ३४ टक्के म्युनिसिपालिट्यांना. हे ३४ टक्के सगळ्यांत वाटताना निम्मे लोकसंख्येवर, पाव क्षेत्रफळावर आणि उरलेला पाव हिस्सा सगळ्यांना सारखा. हा शेवटचा पाव लक्षात घ्या, साबतांगसारख्यांचा संसार त्याच्यावर चालतो. लाखभर वस्तीच्या म्युनिसिपालिटीला त्या खात्यातून जेवढे मिळतात तेवढेच या सतराशे माणसांना. पूर्वी हा वाटा फक्त अंतर्गत महसुलातून काढायचे, कस्टमचे पैसे बाजूला ठेवून. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळे राष्ट्रीय कर धरा, मग २०२२ पासून रक्कम बरीच वाढली. स्वतःची घरपट्टी वगैरे यांची किती जमणार, चिंधीच.

गंमत म्हणजे याच कायद्यात नवी म्युनिसिपालिटी करायला निदान २५ हजार लोकसंख्या लागते. बेटं असतील तर क्षेत्रफळाची अट नाही पण माणसं हवीतच. म्हणजे साबतांग आज अर्ज घेऊन गेलं असतं तर खिडकीवरूनच परत पाठवलं असतं. जुनी आहे म्हणून आहे.

भटकी मावशी

मी गेलेय!! २०१८ च्या एप्रिलात, मी आणि नणंद. मनीलाहून छोट्या विमानाने बास्को, ते प्रांताचं मुख्य गाव, तिथून गाडीने इवाना आणि इवानाच्या धक्क्यावरून पहाटेच फालोवा. फालोवा म्हणजे त्यांची लाकडी होडी. फिलिपिन्समधे बाकी सगळीकडे होडीला दोन्ही बाजूंनी बांबूचे पाय असतात ना, तसे हिला नसतात, पोट गोल, कारण इथल्या लाटांत ते पाय टिकत नाहीत म्हणे. एका अंगाला पॅसिफिक आणि दुसऱ्या अंगाला दक्षिण चीन समुद्र, दोन्हीकडचं पाणी मधल्या खाडीत येऊन भांडतं आणि आपण त्या भांडणाच्या बरोब्बर मधोमध. अर्धा पाऊण तास लागतो पण नणंदेने तेवढ्यात गणपतीपासून गजानन महाराजांपर्यंत सगळ्यांना बोलावून झालं होतं. शेजारी एक आजी मांडीवर कोंबडी घेऊन शांत झोपलेली.

तिथली घरं बघायला जा फक्त. साविदुग आणि चावायान ही दोन गावं. दगड आणि चुन्याच्या भिंती, जाडी हातभर नाही, काही ठिकाणी मीटरभर. खिडक्या लहान आणि वादळ ज्या बाजूने येतं त्या बाजूला खिडकीच नाही. वर गवताचं छप्पर, गादीसारखं जाड. वादळाची खबर आली की छपरावर दोरखंडाची जाळी टाकून जमिनीला आवळून बांधतात. छप्पर शाकारायला अख्खं गाव येतं, त्याला यारू म्हणतात, मजुरी नाही, जेवण घालायचं, उद्या तुमच्याकडे काम निघालं की आम्ही येऊ. माझ्या आजोळी कौलं परतायला असंच यायचे सगळे, आता मेसेज टाकला तरी कोणी येत नाही.

आणि बंड्या, तू कोकणातला म्हणून सांगते, तिथे इरलं आहे! बायका डोक्यावर वाकुल घालतात, डोक्यापासून पार कमरेपर्यंत, लांबून बघितलं तर केस मोकळे सोडलेत असं वाटतं. वुयावुय नावाच्या झाडाच्या धाग्यांचं करतात, आपल्या शिंदीच्या गोतातलंच झाड आहे ते. ऊन, पाऊस, वारा तिन्हीला चालतं. मी घालून बघितलं, आत चक्क गार लागतं. चावायानच्या बायका करून विकतात. शेतात रताळी, सुरणाचे भाऊबंद, लसूण. भात फार नाहीच, कारण उभं पीक वादळात झोपतं, कंद आपले जमिनीत सुरक्षित. जेवण फणसाच्या जातीतल्या झाडाच्या मोठ्या पानावर वाढतात. केळीच्या गड्ड्याचे वडे करतात, उवुद, मस्त लागतात पण आधी विचारून घ्या, आत मांस किंवा मासळी असते. शाकाहारी असाल तर भात आणि रताळं.

येताना इवानाला दुकानदार नसलेलं दुकान आहे ते चुकवू नका. १९९५ पासून आहे. कॉफी घ्या, बिस्किटं घ्या, वहीत लिहा, पैसे पेटीत टाका. सुटे नाहीत म्हणून आम्ही जास्तच टाकून आलो.

खारा वारा

मावशी, छान लिहिलंत, पण फार गोड करू नका. अशा बेटावर राहणं म्हणजे पेशंट सिरियस झाला आणि समुद्र खवळलेला असला की हातावर हात ठेवून बसणं. मोठं हॉस्पिटल बास्कोला, कॉलेज बास्कोला. बोट बंद तर गॅस, तांदूळ, सिमेंट सगळं बंद, आणि पावसाळी वाऱ्यात मनीलाहून येणारी मालाची जहाजं उशिरा येतात. म्हणून तर ते डुकराचं मांस मीठ लावून त्याच्याच चरबीत घालून ठेवतात, लुन्यिस म्हणतात, फ्रीज नसतानाची सोय. आपण ते हेरिटेज म्हणून खातो, त्यांच्यासाठी ती बेगमी होती.

दगडी घरांचंही तेच. गवत कापायला माणसं पाहिजेत, माणसं गेली मनीलाला नाहीतर आपल्या बंड्याशेजारी जहाजावर. मग पत्रा आणि काँक्रीट. भूकंपापुढे जुन्या भिंती तशाही टिकत नाहीत, जुलै २०१९ ला शेजारच्या इतबायात बेटावर भूकंपात नऊ माणसं गेली आणि अशी जुनी घरं ढासळली. मग २०२१ चं किको वादळ, २०२४ चं जुलियन. आणि तैवान जवळ म्हणून आता अमेरिकन सैनिक सरावाला प्रांतात येतात, ते वेगळंच टेन्शन.

आणि इतिहास वाचलात तर या बेटाबद्दल हसू येणार नाही. स्पॅनिशांनी १७८३ ला बातानेस घेतलं, तेव्हा साबतांगच्या आमान दांगात नावाच्या म्होरक्याने विरोध केला, त्याला १७९१ ला फाशी दिली आणि बेटावरच्या लोकांना उचलून समोर इवानाला नेऊन बसवलं. पुढे बऱ्याच वर्षांनी ते परत आले. आपली म्युनिसिपालिटी म्हणताना बोसनची छाती का फुगते ते कळलं का?

बोटीवरचा बंड्या

कळलं हो, आता लाजच वाटतेय. इथलं वाचून काल त्याला व्हॉट्सॅपवर सॉरी म्हटलं आणि आजीचा इरलं घातलेला जुना फोटो पाठवला. अर्ध्या तासाने त्याच्याकडून त्याच्या आजीचा वाकुलातला फोटो आला, आणि खाली, मेयरला फोटो दाखवला, तो विचारतोय तुमच्या म्युनिसिपालिटीत हे अजून करतात का. आता मला गावात इरलं विणणारं कोणी शिल्लक आहे का ते शोधायला लागणार. मावशी, एप्रिलच बरा ना जायला?

भटकी मावशी

मार्च ते मे. दोन दिवस जादा हातात ठेव, बोट सुटेलच असं नाही. आणि उलटीची गोळी बास्कोतच घे, धक्क्यावर नाही.