मॉडेल विमानांना खेळणी म्हणणाऱ्यांसाठी: पेनोचे ११ सेकंद

बाल्साप्रेमी: काल इथे एकाने लिहिलं की मॉडेल विमानं म्हणजे पोरांची खेळणी, विमानाचा खरा इतिहास १७ डिसेंबर १९०३ पासून, म्हणजे राइट बंधूंच्या उड्डाणापासून. डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१८ ऑगस्ट १८७१. पॅरिसच्या त्युइलरी बागेत २१ वर्षांच्या आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने अर्धा मीटर लांबीचं, १६ ग्रॅमचं विमान सोडलं. पीळ दिलेल्या रबरावर फिरणारा पंखा (प्रोपेलर) मागच्या टोकाला. ते ११ सेकंद उडालं. किती लांब गेलं ते सोडा, शेपटीकडे बघा. पंखाच्या मानाने ती किंचित खालच्या कोनात बसवलेली. नाक खाली गेलं की वेग वाढतो, शेपटी दाबली जाते, नाक आपोआप वर येतं. आत माणूस नाही, दोरी नाही, तरी तोल सांभाळला जातो. आणि १८७८ मध्ये राइट बंधूंना वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणं पेनोच्याच धर्तीचं होतं.

रनवे२७: लिहिणारा मीच. अर्धीच गोष्ट सांगताय. राइट बंधूंनी ते खेळणं मोठं करून पाहिलं तेव्हा नीट उडेना, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. अमेरिकन शास्त्रज्ञ लँग्लीचं वाफेवर चालणारं, माणसाविना मॉडेल ६ मे १८९६ ला पोटोमॅकवर सुमारे १००० मीटर उडालं. त्याचंच माणूस बसवलेलं मोठं विमान १९०३ मध्ये दोन्ही वेळा नदीत पडलं. मॉडेलवरून काय सिद्ध झालं? आणि शेपटीचाच विषय काढायचा तर इंग्लंडच्या जॉर्ज केलीचं शेपटीवालं ग्लायडर (इंजिनाविना तरंगणारं विमान) १८०४ चं आहे, पेनोच्या कितीतरी आधीचं.

गिरगावकर: पॅरिस झालं, पोटोमॅक झाली. चौपाटी कुणाला आठवत नाही? शिवकर बापूजी तळपद्यांनी मुंबईत १८९५ मध्ये विमान उडवलं म्हणतात, ते माणसाविना. म्हणजे तुमच्याच व्याख्येने मॉडेल!

रनवे२७: लँग्लीच्या वेळी टेलिफोनवाला ग्रॅहॅम बेल तिथे हजर होता, त्याने फोटो काढलाय. चौपाटीच्या उड्डाणाचा फोटो, आराखडा, वजन, काही आहे का? आणि तळपद्यांसोबत ज्याचं नाव घेतात त्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलंय.

गिरगावकर: त्या ग्रंथाचं नाव मी काढलं का? तो सांगितला गेला तळपद्यांच्या पश्चात. दोन गोष्टींची खिचडी करून माणूस खोटा ठरवायचा, ही तुमची जुनी खोड. माझ्या पणजोबांनी ती हकीकत घरात सांगितलेली आहे.

रनवे२७: पणजोबांनी स्वतः पाहिलं, की ऐकलं?

गिरगावकर: ऐकलं. म्हणून काय खोटं होतं? सगळ्यांच्याच घरी कॅमेरा नव्हता.

एअरविंगची_ताई: दादा, तळपदे खोटे असं कुणी म्हणत नाहीये. उड्डाणाचा पुरावा मागतोय, एवढंच.

मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये रबरवर उडणारी मॉडेलं केली. रबराला एरंडेल चोळायचं. मैत्रीण पंख्याची बाजू घट्ट धरायची, मी हँड ड्रिलने पीळ द्यायची. पहिल्या गाठींवर दुसऱ्या गाठी चढायला लागल्या की हात थरथरायचे, कारण तुटलं तर रबर सपकन अंगावर येतं. एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, “हे मुलींचं काम नव्हे.” अजून सलतंय. त्याच दिवशी शेपटीच्या मागच्या कडेखाली आगकाडीचा तुकडा सारून तिचा कोन बदलला आणि डुबक्या मारणारं विमान सरळ गेलं.

रनवे साहेब, लांबी दुप्पट केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. लँग्लीचा सांगाडा तिथे कमी पडला. म्हणजे मॉडेल चुकलं नव्हतं, मोठं करण्याचं गणित चुकलं. आणि राइट बंधूंनी १९०१ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात (पंख्याने वारा सोडलेल्या पेटीत) सुमारे २०० छोटे पंख तपासले, ती मॉडेलं नाहीत तर काय?

रनवे२७: बोगद्याचा मुद्दा मान्य. ‘खेळणी’ हा शब्द मागे घेतो. पण पेनोला पायोनियर म्हणणार नाही, त्याने माणूस उडवला नाही.

बाल्साप्रेमी: उडवायचा होता. १८७६ चं त्याचं पेटंट बघा: दोन माणसांचं, पाण्यावर उतरणारं विमान, आत ओढून घेता येणारी चाकं, चालवायला एकच दांडा. पैसा मिळाला नाही. तिसाव्या वर्षी त्याने जीव दिला.

रनवे२७: ओढून घेता येणारी चाकं, १८७६ मध्ये? हे मला ठाऊक नव्हतं. आराखडा असेल तर टाका.